पन्नासाव्या दिवसाचा सण



आषाढी एकादशीला पंढरपुरात एवढी माणसे का जमतात, हे सांगोल्याच्या माणसाला सांगावे लागत नाही. पंढरपूर आम्हाला तीस-पस्तीस किलोमीटरांवर. दिंड्या आमच्या रस्त्याने जातात. पण समजा, कोणी दूरदेशीचा माणूस एका आषाढीची हकिकत वाचतो आहे आणि वारी म्हणजे काय, हे त्याला ठाऊकच नाही. तो विचारील, 'अहो, या गावात एका दिवशी इतक्या मुलखांची माणसे आली कोठून? आणि आजच का आली?' हकिकत त्याला वाचता येईल, पण तिचे निम्मे मर्म हातून निसटेल.

ख्रिस्ती धर्मग्रंथातल्या एका प्रसंगाची गत पुष्कळ ठिकाणी अशीच झाली आहे. त्या प्रसंगाला मराठीत पन्नासावा दिवस म्हणतात. पेंटेकॉस्ट हे त्याचेच दुसरे नाव. नाताळ कोणाला ठाऊक नाही? शाळेला सुट्टी असते. गुड फ्रायडेही दिनदर्शिकेत लाल अक्षरात असतो. पण पन्नासावा दिवस यंदा केव्हा येतो असे विचारले, तर काही ख्रिस्ती घरांतही जरा थांबून विचार करावा लागतो. आणि हा सण मुळात यहुदी लोकांचा सुगीचा सण होता, हे सांगणारे आणखी थोडे. असे का झाले आणि त्यात काय हरवले, ते आज पाहू. श्रोत्यांपैकी बहुतेकांचा हा धर्म नव्हे, हे मला माहीत आहे. पण सुगी, पाऊस, यात्रा आणि गरिबाचा वाटा या गोष्टी सगळ्यांच्या आहेत, आणि हा सण त्यांतूनच उभा राहिला आहे.

आधी प्रसंग सांगतो. तो 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात आला आहे. येशू ख्रिस्ताला वधस्तंभावर देऊन काही आठवडे लोटले होते. तो पुन्हा उठला, अशी त्याच्या शिष्यांची साक्ष होती. ते शिष्य यरुशलेम शहरात एकत्र बसले असता सोसाट्याच्या वाऱ्यासारखा नाद झाला, अग्नीच्या जिभांसारखे काही प्रत्येकावर उतरलेले दिसले आणि ती साधी गालिली माणसे निरनिराळ्या भाषांतून बोलू लागली. बाहेर गर्दी जमली. त्या गर्दीत पार्थी होते, मेदी होते, मिसरचे, अरबस्तानचे, थेट रोमचेही होते. ज्याला त्याला आपापली बोली ऐकू आली. मग पेत्र उठून बोलला आणि त्या दिवशी सुमारे तीन हजार माणसे शिष्यांना मिळाली. म्हणून या दिवसाला ख्रिस्ती मंडळीचा जन्मदिवस म्हणण्याची रीत आहे.

आता आपल्या त्या दूरदेशीच्या वाचकाचा प्रश्न इथे विचारा. ही माणसे त्या दिवशी यरुशलेमात होतीच कशाला?

उत्तर सणाच्या नावातच आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'पन्नासावा' एवढाच, आणि मराठी भाषांतरकारांनी तो तसाच ठेवला. पण पन्नासावा कशापासून? याचे उत्तर यहुदी लोकांच्या शेतात आहे.

यहुदी वर्षातला एक मोठा सण वल्हांडण. मिसर देशाच्या गुलामगिरीतून पूर्वज सुटले, त्याची ती आठवण. वल्हांडणे म्हणजे ओलांडणे. त्या रात्री संकट त्यांची घरे ओलांडून गेले, अशी कथा आहे. वल्हांडणाच्या सुमारास त्या मुलखात जव तयार होतो. जवाची पहिली पेंढी मंदिरात नेऊन देवापुढे ओवाळायची आणि तेथून दिवस मोजायला लागायचे. सात आठवडे, म्हणजे एकोणपन्नास दिवस. तोवर गहू हाती येई. पन्नासाव्या दिवशी नव्या गव्हाच्या, खमीर घालून भाजलेल्या दोन भाकरी अर्पण करायच्या. म्हणून या सणाला सप्ताहांचा सण असेही नाव पडले. सप्ताह म्हटला की आपल्याला हरिनामाचा सप्ताह आठवतो. येथे सात दिवसांचा आठवडा एवढाच अर्थ घ्यायचा. इब्री भाषेत त्याला शाबुओत म्हणतात. वल्हांडण, सप्ताह आणि मांडव या तीन सणांना यरुशलेमची यात्रा करावी, असा दंडक होता. म्हणून गर्दी होती. ती वारीच होती म्हणा ना! येशूचे शिष्यही यहुदीच होते आणि आपल्याच सणाला तेथे थांबले होते.

इसवी सन ७० मध्ये रोमन सैन्याने ते मंदिर पाडले. आता पेंढी न्यायची कोठे? मग यहुदी लोकांनी या सणाची दुसरी बाजू पुढे आणली. याच दिवसांत सीनाय डोंगरावर देवाने मोशेला नियमशास्त्र दिले, अशी त्यांची परंपरा आहे. त्या रात्री जागून धर्मग्रंथ वाचतात, सभास्थान हिरव्या पाल्याने सजवतात आणि रूथ नावाच्या बाईची गोष्ट वाचतात. शेत सुटले, तरी शेताची आठवण सुटू दिली नाही.

ही रूथची गोष्ट थोडक्यात ऐका, कारण पुढच्या बोलण्याचा गाभा तिच्यात आहे. रूथ परमुलखातली, मवाब देशाची. नवरा वारला. सासू नामी हिला एकटी कशी सोडावी, म्हणून तिच्यामागून बेथलेहेमला आली. घरात दाणा नाही. सुगी चालू होती. रूथ कापणाऱ्यांच्या मागे सरवा वेचू लागली. जवाच्या कापणीपासून गव्हाची कापणी संपेपर्यंत तिने सरवा वेचला, म्हणजे नेमके हेच पन्नास दिवस. शेताचा धनी बवाज याने तिला हाकलले तर नाहीच. उलट गड्यांना सांगितले की पेंढ्यांतली थोडी कणसे मुद्दाम पडू द्या. पुढे दोघांचे लग्न झाले आणि त्यांच्या वंशात दावीद राजा झाला. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूची वंशावळ दिली आहे, तीत या परक्या विधवेचे नाव आहे.

सरवा हा शब्द आमच्या भागात कोणाला समजावून सांगावा लागू नये. शाळू काढून नेल्यावर रानात राहिलेली कणसे वेचायला बायाबापड्या जात. खळ्यावर बलुतेदाराचा वाटा निघे. आता मळणी यंत्रे आली, खळी गेली आणि सरव्याची रीतही जुन्या माणसांच्या बोलण्यात राहिली. यहुदी नियमशास्त्रात मात्र सरवा ही मेहरबानी नव्हती, तो नियम होता. लेवीय पुस्तकाच्या तेविसाव्या अध्यायात सप्ताहांच्या सणाचे विधी सांगून होताच लगेच पुढची आज्ञा येते: शेताचे कोपरे कापू नका, सरवा वेचू नका, ते गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्या. अनुवादाच्या पुस्तकात हा सण कोणाबरोबर साजरा करायचा, याची यादी आहे. मुलगा-मुलगी, दास-दासी, आपल्या गावातला उपरा, पोरका आणि विधवा. तुम्ही स्वतः मिसरात गुलाम होता याची आठवण ठेवा, असेही तेथे बजावले आहे.

आता 'प्रेषितांची कृत्ये' पुन्हा उघडा आणि तोच अध्याय शेवटपर्यंत वाचा. बहुतेक जण वाऱ्यापाशी आणि अग्नीच्या जिभांपाशी थांबतात. अध्यायाच्या अखेरीस काय आहे? त्या लोकांनी आपली मालमत्ता विकून ज्याला जशी गरज तसे वाटून दिले. ज्याला सणाचे मूळ ठाऊक आहे, त्याला याचे नवल वाटणार नाही. शेताचा कोपरा गरिबाला सोडायचा, याच सणाला हे घडले आहे.

पेत्राचे भाषणही असेच आहे. त्याने आधार घेतला तो योएल संदेष्ट्याचा. योएलाचे पुस्तक म्हणजे दुष्काळाचे पुस्तक. टोळांनी रान फस्त केले, धान्य वाळले, अंजीर वाळले आणि डाळिंबसुद्धा वाळले, असे त्यात वर्णन आहे. सांगोल्याच्या बागायतदाराला ते वाचून आपलेच रान आठवेल. मग देव पाऊस पाडतो, खळी धान्याने भरतात आणि त्याच्यानंतर आत्मा ओतण्याचे वचन येते. ओतणे हा शब्दच पावसाचा. आणि तो ओतला जाणार कोणावर? मुलगे आणि मुली, म्हातारे आणि तरुण, दास आणि दासी, सगळ्यांवर. पाऊस बांध बघून पडत नाही, तसेच हे.

इतका सगळा अर्थ असूनही हा दिवस काही ख्रिस्ती लोकांच्या ध्यानातून का सुटतो? मला याची चार-पाच कारणे दिसतात.

पहिले कारण साधे आहे. हा सण नेहमी रविवारी येतो, म्हणून वेगळी सुट्टी नाही. तारीखही ठरलेली नाही. शिवाय दाखवण्यासारखे काही नाही. नाताळाला गव्हाणीतले बाळ आहे, तारा आहे. गुड फ्रायडेला वधस्तंभ आहे. वारा कसा दाखवणार?

दुसरे कारण ऋतूचे. यरुशलेमच्या मुलखात त्या वेळी गहू कापला जातो. आपल्याकडे मे-जून म्हणजे नांगरून पडलेली जमीन. शाळू फेब्रुवारी-मार्चलाच घरात आलेला, आणि माणूस आभाळाकडे डोळे लावून बसलेला. सुगीचा सण अशा दिवसांत आला तर तो अंगी लागत नाही. म्हणून काही मराठी मंडळ्यांत पिकाच्या उपकारस्तुतीची उपासना वेगळी होते, पण तिचे या सणाशी नाते फारसे कोणी जोडत नाही.

तिसरे कारण ज्या मिशनरी परंपरेतून आपल्याकडे हा धर्म आला, तिचे. रोमन कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि अँग्लिकन लोक हा सण मोठ्या सणांत गणतात. पण नगर-सोलापूरकडच्या अनेक मंडळ्या अमेरिकन मराठी मिशनच्या कामातून उभ्या राहिल्या. या मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे १८१३ साली मुंबईत उतरले. ते ज्या परंपरेतले, तिचे पूर्वज प्युरिटन. या लोकांना वर्षाचे सण मान्य नव्हते. रविवार तेवढा खरा. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स वसाहतीत १६५९ ते १६८१ पर्यंत नाताळ पाळणेसुद्धा दंडास पात्र होते! नाताळ आणि ईस्टर पुढे सगळीकडे रुळले, पन्नासावा दिवस मात्र मागे राहिला. १९७० साली उत्तर भारतातल्या अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. तिच्या उपासनेच्या वर्षात हा रविवार आहे, पण घराघरात रुजायला सवयही लागते.

चौथे कारण जास्त खोल आहे आणि ते दुःखाचेही आहे. ख्रिस्ती लोक हळूहळू यहुदी लोकांपासून तुटले. सन ३२५ मध्ये नायसिया येथे धर्मसभा भरली. ईस्टर सर्वांनी एकाच दिवशी पाळावा आणि त्यासाठी यहुदी लोकांच्या गणनेवर विसंबू नये, असा कौल तेव्हा पडला. यहुदी पंचांग आपल्यासारखेच चंद्राचे महिने धरून चालते आणि एकोणीस वर्षांत सात अधिक महिने घेते. त्यामुळे दोन्ही सण कधी जवळ येतात, कधी लांब जातात. २०२५ साली सप्ताहांचा सण २ जूनला आणि ख्रिस्ती पन्नासावा दिवस ८ जूनला आला. आदल्या वर्षी मात्र ख्रिस्ती सण १९ मेला होऊन गेला आणि यहुदी सण १२ जूनला आला. एका झाडाच्या या दोन फांद्या आहेत, हे तारखा पाहून कळणार नाही. पण तुटले ते केवळ पंचांग नव्हे. यहुदी लोकांना देवाने टाकले आणि त्यांची जागा आपण घेतली, असे अनेक शतके शिकवले गेले. युरोपात त्याचे परिणाम किती भयंकर झाले, ते इतिहासात आहेच. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी रोमन कॅथलिक धर्मसभेने एका घोषणापत्रात हे नाते पुन्हा स्पष्ट मान्य केले आणि त्यात पौलाने दिलेल्या जैतुनाच्या झाडाच्या दाखल्याची आठवण करून दिली. तो दाखला आमच्या बोरीच्या बागाइतदाराला लगेच कळेल. आपण गावठी बोरीच्या खुंटावर चांगल्या जातीचा डोळा भरतो. पौल उलटे सांगतो: तुम्ही रानटी फांदी, आणि कलम झाले आहे चांगल्या झाडावर. तेव्हा ताठा करू नका. तुम्ही मुळाला पोसत नाही, मूळ तुम्हाला पोसते.

पाचवे कारण याच्या अगदी उलट टोकाचे. काही मंडळ्या पन्नासाव्या दिवसाला फार मान देतात, पण त्यांचे सगळे लक्ष आत्म्याच्या अनुभवावर असते. त्या अनुभवाचा मान राखूनही म्हणावे लागते की, सणाचे शेत आणि सरवा तेथेही मागे पडू शकतो.

ही तूट भरून काढायला आपल्याला लांब जावे लागत नाही. ज्या लोकांचा हा सण, ते मराठी बोलणारेच आहेत. कोकणात, पूर्वीच्या कुलाबा आणि आताच्या रायगड जिल्ह्यात, बेने इस्राएल लोक शतकानुशतके राहिले. तेल गाळण्याचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. त्यांची आडनावे पाहा: दिवेकर, किहीमकर, पेणकर, झिराडकर. गावावरून पडलेली, तुमच्या-आमच्यासारखीच. मुंबईतले त्यांचे पहिले सभास्थान सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ साली बांधले. डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ साली इब्री भाषेचे व्याकरण मराठीत छापले, ते या लोकांच्या उपयोगासाठी. मिशनच्या शाळांत त्यांची मुले शिकली, त्यांच्यातले काही तेथे शिक्षकही झाले. आपल्या पूर्वजांच्या कथांवर ते मराठीत कीर्तने करीत. १९४८ नंतर त्यांच्यातले बहुतेक इस्राएलला गेले, तरी तेथेही त्यांनी 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक चालवले. म्हणजे यहुदी आणि ख्रिस्ती यांनी वल्हांडण आणि सप्ताह हे शब्द एकाच भाषेत, कधी एकाच शाळेच्या बाकावर बसून वाचले आहेत.

दुसरे उदाहरण पुणे-सोलापूर लोहमार्गावरच्या केडगावचे. तेथे पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. दुष्काळात उघड्यावर पडलेल्या मुली आणि विधवा यांना रमाबाईंनी तेथे आसरा दिला होता. १९०५ च्या जूनअखेर तेथे प्रार्थनेच्या वेळी मोठी जागृती झाली. अमेरिकेत लॉस एंजेलिस येथे १९०६ साली पेंटेकॉस्टल चळवळीचा प्रसिद्ध आरंभ झाला, त्याच्या आधीची ही गोष्ट. केडगावच्या मिनी एब्रम्स यांनी तिच्यावर लिहिलेले पुस्तक दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशापर्यंत गेले आणि तेथल्या जागृतीला कारण झाले. पण मला त्याहून मोठी वाटते ती रमाबाईंची पुढची गोष्ट. एवढा अनुभव पाहिलेली ही बाई मुळाकडे वळली. संस्कृतात पंडित असलेल्या रमाबाई उतारवयात इब्री आणि ग्रीक शिकल्या. खेड्यातल्या बायकांना कळेल अशा सोप्या मराठीत त्यांनी संपूर्ण बायबलाचे भाषांतर केले. १९२२ च्या एप्रिलात त्या वारल्या. भाषांतर १९२४ साली छापून पुरे झाले. आणि सणाची आज्ञा त्यांनी कशी पाळली, ते सांगायला नको. विधवा, पोरकी आणि परकी, यादीतली सगळी माणसे त्यांच्या अंगणात होती.

सण नव्या मातीत कसा रुजतो, हे पाहायचे तर गोव्यात मडगावला जावे. तेथे पवित्र आत्म्याच्या नावाचे चर्च आहे आणि त्याचा सण या पन्नासाव्या दिवसालाच येतो. त्या सुमारास जी जत्रा भरते तिला पुरुमेंताचे फेस्त म्हणतात. पुरुमेंत म्हणजे पावसाळ्याची बेगमी. सुकी मासळी, मिरची, कडधान्य लोक तेथून घेऊन ठेवतात. यरुशलेमला जो कापणीचा सण, तो गोव्यात पावसाआधीच्या बेगमीचा झाला. पण दाण्याशी त्याचे नाते सुटले नाही.

आमच्याकडे, सांगोल्यासारख्या कोरड्या मुलखात, हा दिवस मृगाच्या तोंडावर येतो. इथे तो योएलाच्या वाटेने कळेल. ज्याचे रान कोरडे पडले आहे, त्याला ओतणे म्हणजे काय ते ठाऊक आहे.

शेवटी शिक्षकबंधू-भगिनींना एक विनंती. दिवस मोजण्याचा हा पाठ फळ्यावर घेण्यासारखा आहे. ईस्टरचा रविवार हा पहिला दिवस धरा आणि पन्नासावा मुलांना काढू द्या. २० एप्रिलपासून मोजले तर ८ जून येतो का, ते त्यांनीच पाहावे. आपल्या पंचांगातला अधिक महिना आणि यहुदी पंचांगातला अधिक महिना शेजारी मांडा. आणि मुलांना सांगा की घरी गेल्यावर आजीला विचारून या: सरवा वेचायला तू कोणाच्या रानात जायचीस, आणि धनी काय म्हणायचा? जी उत्तरे येतील ती वर्गात वाचून घ्या. त्यानंतर रूथची गोष्ट सांगितलीत, तर ती मुलांना परक्या देशाची वाटणार नाही.